कबुतराला पत्ता कळत नाही!

आमच्या बिल्डिंगच्या डक्टमध्ये कबुतरांनी उच्छाद मांडलाय हे काही नवीन नाही, पण मागे एकदा वॉचमनकाकांनी वैतागून एकाला पकडलं, चपलांच्या खोक्यात घातलं आणि सायकलवरून पार नदीपलीकडे जाऊन सोडून आले. परत येऊन बघतात तर महाशय आमच्या एसीच्या आउटडोअर युनिटवर बसून घुमतायत. पंखावरचं पांढरं पीस तेच, म्हणजे शंकाच नको. काका म्हणाले, "माझ्याआधी पोचलं की ओ हे!"

तर कबुतराच्या टपालाची मेख हीच. आपल्याला उगाच वाटतं की चिठ्ठी बांधली, पत्ता सांगितला आणि उडवलं की गेलं. तसलं काही नसतं. त्याला एकच पत्ता माहीत, स्वतःच्या ढाबळीचा. म्हणजे तुम्हाला माझा निरोप हवा असेल तर तुमच्या ढाबळीतलं कबुतर आधी माझ्यापर्यंत आणून ठेवायला लागणार, आणि ते उडालं की संपलं, दुसरा निरोप पाठवायला दुसरं कबुतर.

याचं मला सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे पॅरिस. १८७० च्या सप्टेंबरात प्रशियाच्या (तेव्हाचं एक जर्मन राज्य) सैन्याने शहराला वेढा घातला, टेलिग्राफच्या तारा तोडल्या. आतले लोक बलूनमधून बाहेर पडायचे, पण बलून वारा नेईल तिकडे जाणार, त्यामुळे परत आत यायची सोयच नाही. मग त्यांनी काय करावं, तर बलूनमध्येच पॅरिसच्या ढाबळीतली कबुतरं भरून बाहेर न्यायची आणि बाहेरचे निरोप बांधून सोडून द्यायची! आता कबुतराला वजन झेपणार ते किती? तर तिथे रेने दाग्रों नावाचा फोटोग्राफर कामाला आला. हा माणूस आधी अंगठ्या-लॉकेटमध्ये बसतील असे इवलेसे फोटो करून विकायचा. तोही नोव्हेंबरात बलूनमधूनच निसटला आणि बाहेर जाऊन पानंच्या पानं निरोप इवल्याशा, पातळ फिल्मवर उतरवायला लागला. फिल्मची गुंडाळी पिसाच्या पोकळ नळीत, आणि नळी शेपटीच्या पिसाला बांधलेली. पॅरिसमध्ये पोचली की मॅजिक लँटर्नने, म्हणजे त्या काळच्या प्रोजेक्टरने, भिंतीवर मोठी करून दाखवायचे आणि कारकून बसून उतरवून घ्यायचे. साडेतीनशेच्या वर कबुतरं बाहेर नेली, त्यातली अगदी थोडी परतली. धुकं, थंडी, ससाणे, शिकाऱ्यांच्या बंदुका. म्हणून तोच निरोप अनेक कबुतरांबरोबर पाठवत राहायचे.

हे सगळं जुनं म्हणाल तर आपल्या ओडिशा पोलिसांचं ऐका. १९४६ साली लष्कराकडून दोनशे कबुतरं घेऊन त्यांनी कोरापुटच्या डोंगराळ भागात सुरुवात केली, पुढे मुख्यालय कटकला आलं. १९४८ मध्ये नेहरूंनी संबलपूरहून कटकला निरोप पाठवला तोही कबुतरानेच, आणि निरोप काय, तर सभेची व्यवस्था अशी नको की वक्ता आणि श्रोते लांब पडतील. पातळ कागद, छोटी कॅप्सूल, पायाला बांधली की झालं. १९८२ चा पूर आणि १९९९ चं महाचक्रीवादळ, दोन्ही वेळा वायरलेस बंद पडलं तेव्हा हीच कबुतरं कामी आली. पुढे मोबाइल-इंटरनेट आले आणि काम थांबलं, आता १५ ऑगस्ट-२६ जानेवारीच्या कार्यक्रमात उडवतात.

या पोलिसांनी एका गोष्टीत मात्र कमाल केली होती. काही कबुतरांना राहायला एका ठिकाणी आणि दाणापाणी दुसऱ्या ठिकाणी अशी सवय लावली, त्यामुळे ती जाऊन-येऊन दोन्हीकडचे निरोप न्यायची. बूमरँग सर्व्हिस म्हणे! मी हे काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग आपलंबी तेच की, दाणे टाकतात समोरच्या विंगमधल्या काकू आणि राहायला तुमच्या एसीवर."