स्कार्सडेलला प्लॅटफॉर्म टेनिसची सांघिक लढत पाहायला जाताना

प्लॅटफॉर्म टेनिस म्हणजे उचललेल्या मंचावर, भोवती जाळी लावून, थंडीत जोड्यांनी खेळायचं टेनिस. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थ या उपनगरी रेल्वेच्या हार्लेम लाइनने साधारण पाऊण तासात स्कार्सडेल येतं. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या बाजूने येणाऱ्या मराठी मंडळींनी एनजे ट्रान्झिटने पेन स्टेशन, तिथून 1, 2 किंवा 3 नंबरच्या सबवेने टाइम्स स्क्वेअर आणि मग शटलने ग्रँड सेंट्रल गाठावं. तिकीट गाडीत चढण्याआधीच काढा. आत कंडक्टरकडे जास्त पैसे पडतात.

लढत जिथे पाहायची तो इथला फॉक्स मेडो टेनिस क्लब खाजगी आहे. आधी एखाद्या सभासदाशी बोलणं झालेलं नसेल तर फाटकावरूनच परतावं लागेल. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. चौकशी करताना ‘प्लॅटफॉर्म टेनिस’ असं पूर्ण नाव घ्या, नाहीतर काचेच्या भिंतींच्या पॅडेल या वेगळ्याच खेळाचा पत्ता हातात पडतो.

खेळ इथलाच. 1928 मध्ये जेम्स कॉगस्वेल आणि फेसेंडेन ब्लँचर्ड या दोघांना हिवाळ्यात घराबाहेर खेळता येईल असं काहीतरी हवं होतं. कॉगस्वेलची जागा उताराची आणि खडकाळ, म्हणून लाकडी मंच उभारला. चेंडू उतारावरून घरंगळत जायला लागले, तेव्हा भोवती जाळी आली. जाळीवर आदळून परत आलेला चेंडूही खेळायचा, हा नियम त्यातूनच निघाला आणि तोच या खेळाचा प्राण आहे. 1931 मध्ये फॉक्स मेडोने कोर्ट बांधलं, 1934 मध्ये अमेरिकन संघटना स्थापन झाली आणि 1935 मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा इथेच भरली.

सांघिक लढती वाढल्या त्या उपनगरांच्या सोयीने. दिवसभर शहरात नोकरी करून आलेला माणूस आठवड्याच्या मधल्या रात्री लांब जाणार कुठे? म्हणून शेजारपाजारच्या क्लबांच्या लीग झाल्या: दिव्यांच्या उजेडात, एका संघाच्या चार-पाच जोड्या शेजारशेजारच्या कोर्टांवर एकाच वेळी. न्यू जर्सी, कनेक्टिकट, फिलाडेल्फिया आणि सर्वांत दणक्यात शिकागो असे प्रांत तयार झाले. हे प्रांत एकमेकांशी भिडतात ते राष्ट्रीय स्पर्धेला जोडून होणाऱ्या प्रेसिडेंट्स कपमध्ये. राष्ट्रीय स्पर्धा वेगवेगळ्या शहरांत फिरते, त्यामुळे कप पाहायचा असेल तर त्या वर्षीचं यजमान शहर आधी बघून घ्या. आमच्या मते मात्र पहिल्यांदा जाणाऱ्याने साधी लीगची रात्रच गाठावी. कपाला गर्दी, आणि एकाच वेळी इतके सामने की धड एकही पाहून होत नाही.

पोचल्यावर सामना सुरू होण्याआधी कोर्ट नीट बघून घ्या. डेक, म्हणजे खेळाचा मंच, 60 बाय 30 फूट, त्यावर आखलेलं कोर्ट 44 बाय 20, भोवतीची जाळी 12 फूट उंच, मधलं नेट मध्यभागी 34 इंच. आताचे डेक ॲल्युमिनियमचे असतात, जमिनीपासून उचललेले आणि खालून गॅस हीटर लावलेले. बर्फ पडला तर कडेच्या फळ्या उघडून तो बाहेर ढकलतात, उरलेला हीटरने वितळतो. हीटर उशिरा लावला तर डेक ओला राहतो, चेंडू घसरतो आणि पायही. खेळणारे आधी जाळीवर दोन-चार चेंडू मारून बघतात, त्यालाही कारण आहे: ताणलेली जाळी चेंडू परत फेकते, सैल जाळीत तो जीव गेल्यासारखा खाली पडतो. भरीव रबराचा चेंडू थंडीत कमी उसळतो. त्यामुळे त्याच दोन जोड्यांचा खेळ शून्याखाली आणि दहा अंशांत अगदी वेगळा दिसतो.

सर्व्हिस एकच मिळते, चुकली की गुण गेला. म्हणून जोरापेक्षा अचूकपणाला किंमत. सर्व्हिस करणारी जोडी नेटवर, समोरची मागे राहून लॉबवर लॉब, म्हणजे डोक्यावरून जाणारे उंच फटके. लांबलचक रॅली (एका गुणासाठी चाललेली चेंडूची ये-जा) बघताना कंटाळा येत असेल तर चेंडूऐवजी मागच्या खेळाडूचे पाय बघा. कोपऱ्यात चेंडू बाजूच्या जाळीवर लागून मागच्या जाळीवर गेला, की नवखा धावत सुटतो. जाणता एक पाऊल मागे घेऊन थांबतो.

रॅकेट हातात दिलीच, तर धावायचे बूट नकोत. डेकवरच्या रंगात बारीक खरखरीत कण मिसळलेले असतात, ते बुटाचा तळ खातात, आणि बाजूला वळताना घोटा मुरगळतो. कोर्टचे बूट घाला. पडलात तर गुडघा सोलवटतो, तेव्हा लांब पँट. प्रेक्षकाला थंडी खेळाडूपेक्षा जास्त वाजते: कपड्यांचे तीन थर, टोपी, जाड मोजे. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. कोर्टाच्या दारापाशी रॅली चालू असताना हालचाल नको, आणि शेजारच्या कोर्टावरचा चेंडू मध्येच परत फेकू नका.

सामन्यानंतर कोर्टालगतच्या हटमध्ये, म्हणजे ऊब घ्यायच्या छोट्या घरात, दोन्ही संघांचं खाणंपिणं असतं. खरी माहिती तिथेच मिळते, पण वेळ कसा जातो ते कळत नाही. रात्री उशिरा शहराकडच्या गाड्या विरळ होतात, तेव्हा परतीचं वेळापत्रक आत शिरण्याआधीच बघून ठेवा.