समान उंचीचे दोन बिंदू

दहावीला वर्गसमीकरणं शिकवताना आमचे गणिताचे सर सममिती अक्षाच्या सूत्राला आधी हातच लावत नसत. आलेख कागद काढायचा आणि य = क्ष² − ६क्ष + १३ मांडायचं. क्षला ० ते ६ किमती दिल्या की य यायचा १३, ८, ५, ४, ५, ८, १३. तक्ता पुरा होण्याआधीच वर्गात कुजबुज, आकडे उलट्या क्रमानं परत येताहेत! बिंदू जोडून कागद ३ वर उभा दुमडायचा आणि खिडकीच्या उजेडात धरायचा. वक्राच्या दोन्ही बाजू एकमेकींवर तंतोतंत बसत. ती घडी म्हणजे या वक्राचा, अन्वस्ताचा (पॅराबोलाचा), सममिती अक्ष.

सरांनी नेमकं हेच उदाहरण का निवडलं, हे मला पुढे कळलं. हा वक्र ४ च्या खाली उतरतच नाही, क्ष-अक्षाला शिवत नाही. त्यामुळे मुळं, म्हणजे वक्र क्ष-अक्षाला जिथं छेदतो त्या किमती, काढून त्यांचा मध्य घ्यायची सोय नाही. सर म्हणत, "मुळं कशाला हवीत? एकाच उंचीवरचे दोन बिंदू धरा." सगळ्यांत सोपी उंची स्थिर पदाची. य = १३ ठेवलं की दोन्हीकडचे १३ उडतात, उरतं क्ष(क्ष − ६) = ०. बिंदू ० आणि ६, मध्य ३. हेच कुठल्याही वर्गसमीकरणाला करून बघा. क्षच्या सहगुणकाचं चिन्ह बदलून त्याला क्ष²च्या सहगुणकाच्या दुपटीनं भागायचं, हे सूत्र आपोआप हाती येतं. स्थिर पद त्यात नसतंच, कारण ते अख्खा वक्र फक्त वर-खाली सरकवतं.

शाळा जुन्नर तालुक्यातली, त्यामुळे खोडदची रेडिओ दुर्बीण आम्हाला घरचीच. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि प्रत्येकीचा आकार अन्वस्त अक्षाभोवती फिरवून होणारा. अक्षाला समांतर आलेल्या रेडिओ लहरी परावर्तित होऊन अक्षावरच्याच एका बिंदूत, नाभीत, एकवटतात. तिथं सहलीला गेलो तेव्हा सरांचा पहिला प्रश्न होता, "हिचा अक्ष दाखवा." तबकडी तिरपी होती, आणि अक्षही तिच्याबरोबर तिरपा. सममिती अक्ष नेहमी उभाच असतो, हा आमचा समज तिथंच गेला.

आता मुलीच्या पुस्तकात सूत्र चौकटीत आयतंच आहे. परवा २क्ष² + ५क्ष + ९ आलं, तेव्हा मी बोटानं ९ झाकला. तिनं क्ष सामाईक काढला, ० आणि −५/२ लिहिलं, निम्मं केलं, −५/४. मग माझं बोट बाजूला सारून तिनं विचारलं, "९ च्या जागी ९०० असते तरी?"