हॅलोथेन आणि यकृत

खानापूरच्या आमच्या मावशीच्या जुन्या केसपेपरवर ‘हॅलोथेननंतर कावीळ’ एवढीच नोंद आहे, आणि बेळगावात कोणत्याही शस्त्रक्रियेआधी ती तो कागद भूलतज्ज्ञांपुढे आवर्जून ठेवते. माझ्या मते घरातल्या दागिन्यांपेक्षा तोच अधिक जपण्याजोगा आहे.

१९५६ पासून वापरात आलेले, तपकिरी बाटलीत मिळणारे, गोडसर वासाचे हे भुलीचे औषध बहुतांशी श्वासावाटे बाहेर पडते. मात्र सुमारे २० टक्के भागाचे यकृतात विघटन होते. त्यातून निर्माण होणारा ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिल क्लोराइड हा अतिक्रियाशील पदार्थ यकृतपेशींतील प्रथिनांना चिकटतो, आणि मोजक्या काही व्यक्तींची रोगप्रतिकारशक्ती ती बदललेली प्रथिने परकी समजून स्वतःच्याच यकृतावर तुटून पडते. यकृताच्या खंडिकांच्या, म्हणजे सूक्ष्म विभागांच्या, मध्यभागातील पेशी मरतात. काही दिवसांनी ताप येतो, मग कावीळ. आणि आमच्या सीमाभागात कावीळ म्हटली की गावठी औषधाकडे धावण्याची रीत असल्यामुळे भुलीशी तिचा संबंध सहसा कुणी जोडतच नाही. पहिल्या वेळी शरीर संवेदनशील झालेले असल्याने थोड्याच काळात पुन्हा दिलेले हॅलोथेन अधिक घातक ठरते.

भुलीच्या इतर औषधांपैकी आयसोफ्लुरेनचे विघटन अवघे ०.२ टक्के होते, तर सेव्होफ्लुरेनपासून ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिल क्लोराइड बनतच नाही.