आधी आपली गुणपत्रिका वाचावी

माझ्या थोरल्या मुलीने परदेशात पदवी घेण्याचा विषय अकरावीतच काढला होता आणि मी तो वर्षभर हसण्यावारी नेला, ही चूक आधीच कबूल करतो. बारावीनंतर लगेच बाहेर जायचे असेल, तर अर्जाची तयारी निकालाच्या कितीतरी आधी सुरू करावी लागते. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालये नववीपासूनच्या चार वर्षांचे गुण मागतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची मुदत प्रवेशाच्या आदल्या वर्षी १५ ऑक्टोबरलाच संपते, आणि तेव्हा आपली मुले सहामाहीत गुंतलेली असतात. आम्ही जागे झालो ते २०२४ च्या दिवाळीत, म्हणजे तिच्या बारावीचे अर्धे वर्ष सरल्यावर.

नववीपासूनचे गुण मागणे ऐकायला सोपे वाटते, पण आपल्याकडे नववी-दहावी एका शाळेत आणि अकरावी-बारावी दुसऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयात होते. त्यामुळे दोन संस्थांचे उंबरठे झिजवावे लागतात. शाळेचे नववीचे प्रगतिपुस्तक मराठीत होते, त्याचे इंग्रजी भाषांतर करून शिक्का घ्यावा लागला. महाविद्यालयाच्या कार्यालयात मी ‘ट्रान्स्क्रिप्ट’, म्हणजे सर्व वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, असा शब्द उच्चारला, तेव्हा खिडकीपलीकडून प्रश्न आला, “म्हंजे बोनाफाईड पाहिजे काय ओ?” शिफारसपत्र मागितले, तर छापील दाखला हाती पडला. त्यात माझ्या मुलीच्या नावापुढे, “माझ्या माहितीप्रमाणे तिची वर्तणूक चांगली आहे,” एवढेच वाक्य होते. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही, कारण त्या कार्यालयाला असे पत्र पूर्वी कोणी मागितलेच नव्हते. अखेर तिच्या भौतिकशास्त्राच्या सरांना आम्ही घरी जाऊन भेटलो. ब्रिटनच्या यूकास या सामाईक अर्जात शिक्षकाने विद्यार्थ्याचे अपेक्षित गुण कळवायचे असतात, हे त्यांना समजावून सांगितले. “मंडळाच्या परीक्षेआधी मी टक्के कसे काय लिहून देऊ?” ही त्यांची शंका मला आजही रास्त वाटते. तीन चाचण्या आणि सहामाहीचे गुण पुढ्यात ठेवून त्यांनी शेवटी एक आकडा लिहिला, आणि तो लिहिताना त्यांचा हात दोनदा थांबला.

यूकासमध्ये एकाच अर्जात पाच अभ्यासक्रम निवडता येतात. त्या वर्षीपर्यंत स्वतःविषयीचे निवेदन ४,००० अक्षरांच्या मर्यादेत सलग लिहावे लागे. २०२६ च्या प्रवेशापासून त्याऐवजी तीन प्रश्न दिलेले आहेत. मुलीने पहिला मसुदा निबंधस्पर्धेसारखा लिहिला होता. तो फाडून तिने रंकाळ्याच्या काठावर दुर्बीण लावून गुरूचे चंद्र पाहिल्याचे आणि त्यांच्या जागा वहीत रोज नोंदवल्याचे लिहिले, तेव्हा तिच्या सरांनी मान डोलावली. ब्रिटनमधील दोन विद्यापीठांनी सशर्त प्रवेश देऊ केला. मात्र तेथील अनेक विद्यापीठे केंद्रीय मंडळाच्या मुलांपेक्षा राज्य मंडळाच्या मुलांकडून अधिक टक्के मागतात, ही गोष्ट आम्हाला त्या पत्रातील अटी वाचतानाच कळली. संकेतस्थळावर ती आधीपासूनच होती, पण आम्ही मात्र तोवर जागतिक क्रमवारीचे तक्ते चाळत बसलो होतो.

त्या क्रमवारीविषयी माझे मत आता बरेच कडक झाले आहे. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या यादीत ३० टक्के भार विद्यापीठाच्या शैक्षणिक नावलौकिकाला असतो आणि तो जगभरच्या प्राध्यापकांना विचारून ठरवला जातो. पहिल्या वर्षाच्या मुलीला प्रयोगशाळेत कोण शिकवणार आणि वर्गात किती जण असणार, याचा अंदाज त्यावरून येत नाही. शहरातील एका सल्लागाराकडे आम्ही गेलो होतो, तेथेही हाच तक्ता भिंतीवर होता. सल्ला मोफत होता. त्यांनी सुचवलेल्या सहा विद्यापीठांत जर्मनीतील एकही सरकारी विद्यापीठ का नाही, असे मुलीने विचारले, तेव्हा विषय बदलला गेला. पुढे उलगडले की अशा सल्लागारांना विद्यापीठाकडून प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळते, आणि जर्मन सरकारी विद्यापीठे दलाली देत नाहीत.

जर्मनीत शिक्षण फुकट असते हे गावगप्पांमधले वाक्यही अर्धेच खरे आहे. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशी शुल्के सुरू केली आहेत. बाकी बहुतेक सरकारी विद्यापीठांत मात्र किरकोळ सत्रशुल्कच असते. खरी अडचण वेगळी आहे. आपली बारावी तेथे थेट प्रवेशासाठी सहसा पुरेशी मानली जात नाही, कारण ती त्यांच्याकडील शालान्त परीक्षेच्या तोडीची धरली जात नाही. मग एक तर ‘श्टुडिएनकोलेग’ नावाचा वर्षभराचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून त्याची परीक्षा द्यावी, नाही तर भारतातील मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचे एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करून त्याच विषयात अर्ज करावा. तांत्रिक विषयांसाठी जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण असणे हीदेखील एक वाट आहे. शिवाय पदवीचे बहुतेक शिक्षण जर्मन भाषेतूनच होते. मुलीने दुसरी वाट धरली. सध्या ती येथेच, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात, भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि रोज पहाटे साडेपाचला ऑनलाइन जर्मनचा तास करते. “एवढे गुण मिळवून शेवटी इथेच?” असे नातेवाईक विचारतात. त्यांना उत्तर देण्याचे मी सोडून दिले आहे.

पैशांच्या बाबतीत ब्रिटनचा हिशेब आम्हाला झेपला नाही. शुल्क आणि राहणे वेगळेच, पण तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठीचा अधिभारही वर्षाला ७७६ पौंड या दराने संपूर्ण मुदतीचा व्हिसाच्या अर्जाबरोबर एकरकमी भरावा लागतो. जर्मनीसाठी ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच ठेवावे लागतात. ते मुलीचेच राहतात आणि तेथे गेल्यावर महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तिच्या हाती येतात. तरीही रुपयांत ही रक्कम लहान नाही, म्हणून मी शैक्षणिक कर्जाची चौकशी केली. करवीर तालुक्यात आमची अडीच एकर ऊसाची जमीन आहे, तिचा सात-बारा घेऊन मी मोठ्या विश्वासाने बँकेत गेलो होतो. अधिकाऱ्यांनी तो शांतपणे परत केला. कर्ज थकले तर वसुलीचा जो कायदा बँका वापरतात, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. त्यामुळे मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण म्हणून घर, सदनिका किंवा बिगरशेती प्लॉट मागतात. राहते घर वडिलोपार्जित असून सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आम्हा तिघा भावंडांची नावे आहेत. इचलकरंजीहून बहीण सहीसाठी आली, आणि “भाचीसाठी आहे, वाचायचं काय त्यात,” म्हणत तिने न वाचताच सही केली. मी तिला बळेच सगळे वाचायला लावले.

शाहू महाराजांच्या नावाची परदेशी शिष्यवृत्ती आहे की, असे कोल्हापुरात हमखास सुचवले जाते. ती राज्य शासनाची योजना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि पदव्युत्तर व पीएच.डी. शिक्षणासाठीच मिळते, त्यामुळे बारावीनंतरच्या कोणालाच तिचा उपयोग नाही.

आता नावाचा घोळ. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव, मग वडिलांचे, असा क्रम असतो. ब्रिटनच्या अर्जात तिने गुणपत्रिकेबरहुकूम नाव भरले, आणि शेवटचा शब्द तो आडनाव या त्यांच्या समजुतीमुळे प्रवेशाच्या पत्रात माझ्या नावाला ‘मिस’ लागून आले. घरात दोन दिवस सगळे मला तसेच हाक मारत होते. त्यानंतर मात्र प्रत्येक अर्जात पासपोर्टवर आहे तसेच नाव लिहायचे, हा नियम आम्ही केला.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन व्हिसासाठी एपीएसचे, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रे पडताळणाऱ्या जर्मन कक्षाचे, प्रमाणपत्र लागते. त्याचे १८,००० रुपये भरले आहेत. जर्मन विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या युनि-असिस्ट या संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ आणि पुढील प्रत्येकाला ३० युरो पडतात, म्हणून चारच विद्यापीठे निवडली. हिवाळी सत्रासाठीची मुदत बहुतेक ठिकाणी १५ जुलै आहे. दुसऱ्या सत्राची परीक्षा मे महिन्यात संपेल, आणि तिचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लागला तरच पहिल्या वर्षाची पूर्ण गुणपत्रिका अर्जाला जोडता येईल. न लागल्यास अर्ज पुढच्या वर्षी करायचा, असे मुलीने स्वतःच ठरवून कॅलेंडरवर १५ जुलैभोवती पेन्सिलीने गोल काढून ठेवला आहे.