सेकंदाला सोळा

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या जुन्या घराचा माळा रिकामा करताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात चार छोटी रिळे सापडली. डबा उघडताच जो आंबूस वास आला त्यावरून वहिनीने निदान केले की वर कधीतरी लोणचे सांडले असावे. वास व्हिनेगरचा होता खरा, पण तो लोणच्याचा नसून फिल्मचाच होता. त्या काळच्या फिल्मची पट्टी अ‍ॅसिटेटची असे. उष्णतेने आणि दमटपणाने ती कुजू लागली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटते, पट्टी आकसते, ठिसूळ होते, आणि एकदा सुरू झालेली ही प्रक्रिया लांबवता येते पण मागे फिरवता येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात तर सुटलेले आम्ल कोंडून राहते आणि उरलेल्या पट्टीला अधिकच भराभर खाते. धाकट्या काकांनी झाकणाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन जी काळजी घेतली होती, ती काळजीच रिळांना भोवली होती.

चारांपैकी एका रिळावर पाताळपाण्याची सहल होती, दुसऱ्यावर आत्याचे लग्न आणि तिसऱ्यावर पुन्हा पाताळपाणी. चौथ्याच्या खोक्यावर काकांच्या तिरप्या अक्षरात ‘देपालपूर, मळा, १९६८’ एवढेच लिहिलेले होते. काकांना शेतीचे चित्रीकरण करून ठेवावे अशी काही दूरदृष्टी होती, असे मानण्याचा मोह मला झाला होता. पण आईने सांगितले की लग्नाच्या आधी कॅमेऱ्यावर हात बसावा म्हणून ते मळ्यावर गेले होते आणि लग्नाचे रीळ वाया जाऊ नये म्हणून बैलांचे रीळ वाया घालवायला तयार होते. झाले मात्र उलटे. लग्नाच्या रिळावर प्रत्येक माणूस कॅमेऱ्याकडे पाहून ताठ उभा आहे, नाहीतर हात हलवतो आहे. बैलांनी कॅमेऱ्याकडे एकदाही पाहिलेले नाही, त्यामुळे चारही रिळांत खरोखर काहीतरी घडताना दिसते ते एवढ्या एकाच रिळावर.

हे रीळ जुन्या आठ मिलिमीटरचे आहे, आणि त्याची रचना सांगितल्याखेरीज पुढची फजिती समजणार नाही. पंचवीस फुटांची, सोळा मिलिमीटर रुंदीची फिल्म कॅमेऱ्यात घालायची, तिच्या अर्ध्या रुंदीवर चित्रण करायचे, मग सावलीत बसून रीळ उलटे करून उरलेल्या अर्ध्यावर करायचे. धुताना ती उभी चिरून दोन्ही तुकडे जोडले की पन्नास फूट होतात. फुटाला ८० चौकटी, म्हणजे सगळ्या मिळून सुमारे ४,००० चौकटी. सेकंदाला १६ या गतीने त्या ४ मिनिटे १० सेकंद चालतात. कॅमेरा किल्लीचा होता आणि एका किल्लीत फार तर अर्धा मिनिट चाले, त्यामुळे सगळे तुकड्या-तुकड्यांत आहे. रिळाच्या मधोमध चित्र एकाएकी नारिंगी होऊन पांढरे पडते, कारण तिथे काकांनी बांधाच्या लिंबाखाली बसून रीळ उलटे केले आणि तेवढ्यात पानांतून ऊन आत शिरले.

रीळ संगणकावर उतरवून देणाऱ्या एका दुकानात मी ते दिले. आठ दिवसांनी मिळालेले चित्रण २ मिनिटे ४० सेकंदांचे होते. दुकानातल्या मुलाने प्रत्येक चौकट नीट टिपली होती, रंगही सुरेख उतरवले होते. कोडाक्रोम या रंगीत फिल्मचे रंग अंधारात फार टिकतात, त्यामुळे माळवी बैलांचे पांढरे अंग आणि खांद्या-वशिंडावरची राखी-काळी झाक काल धुतल्यासारखी दिसत होती. फक्त त्याने त्या चौकटी आजच्या रिवाजाप्रमाणे सेकंदाला २५ या गतीने लावल्या होत्या. बैल दुडदुडत होते, माणसे लगबगीने वाकत-उठत होती, आणि आमच्या घरात जे कोणी पाहत होते ते सगळे हसत होते. मूकपट पाहताना माणसे हसतात तसे. दीड मिनिट नुसते हवेत विरून गेले होते आणि ते कुणाच्याच लक्षात आले नव्हते, अगदी माझ्याही.

दुसरी गोष्ट अधिक मजेची झाली. चित्रण मोटेचे, म्हणजे बैलांकडून विहिरीतले पाणी उपसण्याचे, होते. माळव्यात तिला चडस म्हणतात. विहिरीच्या काठावर वर चाक आणि खाली आडवा लाकडी रूळ असतो. कातड्याच्या मोटेला जाड नाडा चाकावरून आणि मोटेच्या सोंडेला बारीक दोर, म्हणजे सोंदूर, रुळावरून बांधलेला असतो. बैलजोडी धावेवरून, म्हणजे विहिरीपासून उतरत जाणाऱ्या वाटेवरून, खाली चालत जाते, मोटकरी नाड्यावर बसून आपले वजन त्यात घालतो, मोट वर येते आणि सोंड थारोळ्यात, म्हणजे काठावरच्या हौदात, मोकळी होऊन पाणी आपोआप पाटाला लागते. मग बैलांना वळवत नाहीत. ते त्याच धावेवरून, जुवासकट, मागे पाहता येत नसताना, उलटे चालत वर येतात आणि रिकामी मोट विहिरीत उतरते. काकांची किल्ली संपल्यामुळे खाली जाणे एका तुकड्यात आणि उलटे वर येणे दुसऱ्या तुकड्यात आले आहे. दुकानातल्या मुलाने दुसऱ्या तुकड्यात बैल मागे मागे चालताना पाहिले, फिल्मचा एवढा भाग उलटा जोडला गेला आहे असे त्याला वाटले, आणि त्याने तो मोठ्या सद्भावनेने सुलटा करून दिला. आता बैल दोन्ही वेळा सरळ चालत होते. मात्र मोटेतून निथळणारे थेंब विहिरीतून वर चढून पुन्हा मोटेत शिरत होते.

त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. बैलांनी धावेवरून उलटे चालणे ही गोष्ट त्याने कधी ऐकलीही नव्हती, तर ती त्याने खरी का मानावी? त्याच्या जन्माआधीच मोटा बंद होऊन विजेचे पंप बसले. त्याने पाहिलेले माळव्याचे रान सोयाबीनचे आहे. हे पीक इथे १९७०च्या दशकात पसरले आणि तोवर पावसाळ्यात पडीक ठेवली जाणारी काळी जमीनही पेरणीखाली आली. गव्हाच्या कापणीला तर पंजाबातून हार्वेस्टर येतात आणि एका रात्रीत शेत मोकळे करून पुढच्या गावाला जातात. बैल त्यानेही पाहिले असतील, पण मोबाइलवर, शर्यतीतले. २०२३च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राचा शर्यतींना परवानगी देणारा कायदा मान्य केल्यापासून अशा चित्रफितींना तोटाच राहिलेला नाही. धुरळा, ढोल आणि चौखूर उधळलेली जोडी. बैल म्हणजे धावणारा प्राणी अशी समजूत पुढच्या पिढीने करून घेतली, तर ती पाहूनच करून घेतलेली असेल.

इंदूरला शेतीच्या नोंदींची उणीव होती असेही नाही. आज जिथे कृषी महाविद्यालय आहे त्या आवारात १९२४ साली अल्बर्ट हॉवर्ड यांनी वनस्पती उद्योग संस्था उभी केली. होळकर संस्थानाने तिला जमीन दिली होती. कंपोस्ट करण्याची जी पद्धत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते ती इथली, आणि १९३१ साली तिच्यावर लिहिलेल्या पुस्तकात हॉवर्ड यांचे सहलेखक यशवंत वाड होते, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. त्या पद्धतीचा पाया बैलांचा गोठाच आहे: शेण, मूत्र मुरलेली गोठ्यातली माती, बैलांच्या पायांखाली पसरून मऊ झालेला काडीकचरा. ढीग तीनदा उलटायचा, तीन महिन्यांत खत तयार. हे वाचून आजही कुणीही खत करू शकतो. पण हीच पद्धत ज्या बैलांवर उभी होती, ते गोठ्यातून रानात कोणत्या चालीने जात हे मात्र कोणत्याच पुस्तकातून शिकता येणार नाही. त्यासाठी फिल्म हवी, असे मी रीळ सापडेपर्यंत म्हणालो असतो.

मळा आम्ही कधीच विकला. तो वाहणाऱ्या घरातले बा सध्या नातवाकडे सुदामा नगरात राहतात. त्यांना आम्ही घरी बोलावले. रिळात पाटावर फावडे घेऊन पाण्याला बारे, म्हणजे वाफ्यात जायला वाट, देणारा हाफपँटमधला दहा-अकरा वर्षांचा मुलगा म्हणजे तेच, आणि नाड्यावर बसलेले त्यांचे वडील. मला वाटले होते, वडिलांना हलताना पाहून त्यांना भरून येईल, आणि त्या दृष्टीने मी पाण्याचा पेलाही जवळ ठेवला होता. बा मात्र वडिलांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पहिल्याच खेपेला त्यांच्या कपाळावर आठी आली आणि ते पडद्याकडे बोट करून म्हणाले, “ये तो भागी रिया हे, चाली नी रिया.” म्हणजे हे तर पळताहेत, चालत नाहीत. मग थेंब वर चढताना दिसले तेव्हा ते मोठ्याने हसले आणि हे कोण्या शहाण्याचे काम, असे त्यांनी विचारले.

फीत पुन्हा दुकानात गेली. या वेळी मी समोर बसून गती १६ करवून घेतली आणि उलटा केलेला तुकडा परत उलटा करवला. दुकानातल्या मुलाने मोटेचा सगळा कारभार कागदावर काढून समजून घेतला आणि त्याला तो इतका आवडला की त्याने दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत. किल्ली संपत आली की कॅमेरा मंदावतो आणि तेवढ्या चौकटी पडद्यावर घाईने पळतात, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या शेवटी थोडी चुळबूळ राहिलीच. ती आम्ही तशीच ठेवली.

दुसऱ्यांदा पाहायला बा आले तेव्हा खोलीत कुणी हसले नाही. बैल उतरताना मान खाली घालून, जुवावर भार घेऊन एकेक पाऊल रोवतात. वर येताना आधी मागचा पाय चाचपतात, जागा पक्की करतात आणि मगच अंग मागे ढकलतात. पडद्यावर बांना त्यांच्या वडिलांचे ओठ हललेले दिसले, आणि त्याच क्षणी बांनी स्वतः टाळूला जीभ लावून टचटच असा आवाज केला. मूक रिळात तो आवाज बरोबर बसला. माझ्या पुतण्याने चटकन मोबाइल सुरू केला, पण आता कर म्हटल्यावर बांना तो तसा जमेना. ते म्हणाले, समोर बैल असला तरच येतो. मग रीळ पहिल्यापासून लावावे लागले.

या फेरीत ते मध्येच “थांबव” म्हणाले. उजवीकडच्या बैलाचा, मोत्याचा, पुढचा पाय त्यांनी पडद्याजवळ जाऊन बोटाने दाखवला. काळ्या मऊ मातीत काम करणाऱ्या बैलाला पत्री, म्हणजे खुराचा लोखंडी नाल, मारावी लागत नाही, पण ही जोडी गाडीला जुंपून इंदूरच्या मंडीत पक्क्या सडकेने जात असे, म्हणून तिच्या पायांना पत्र्या होत्या. बैलाचा खूर दुभंगलेला असल्यामुळे एका पायाला दोन. त्यांतली आतली पत्री निघाली होती आणि मोत्या ते पाऊल टेकवताना किंचित आखडता घेत होता. सेकंदाला २५ चौकटींत ते आम्हा कुणाला दिसले नव्हते. आताही बांनी दाखवल्यावरच दिसले. त्यांनी तो तुकडा आणखी तीन वेळा लावायला सांगितला. मग खुर्चीवर येऊन बसले आणि मराठी-माळवी मिसळून म्हणाले की त्या दिवशी याला जुंपायला नको होता.