ट्रेनिंग झालं होतं ना, मग?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे डॉक्टर, मॅनेजर आणि नाइट करून पेंगुळलेल्या आमच्याच पोरी. "ताई, ओव्हर कशी द्यायची, नोट्स कशा लिहायच्या, एवढं शिकवलंत. फरक काय पडला?" ओव्हर म्हणजे ड्यूटी बदलताना पुढच्याला पेशंटची माहिती सोपवणं.

पडतो हो. अमेरिका आणि कॅनडात ९ रुग्णालयांतल्या निवासी डॉक्टरांना नीट ओव्हर द्यायला शिकवलं, तर टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी घटले. २०१४ साली छापून आलंय. पूर्वी हा आकडा मी तोंडावर फेकायचे. आता जरा जपून सांगते. तिथं ओव्हर चालू असताना वरिष्ठ शेजारी उभं राहून ऐकायचे, चुकलं तर तिथंच सांगायचे. आमच्याकडे परभणीत एक दुपार, चहा-बिस्किट आणि हजेरीवर सही.

तो फवारणीवाला पोरगा सगळ्यांना माहीत आहे. वाचला, हे आधीच सांगते. अंगात फवारणीचं विषारी औषध भिनून आलेला, ॲट्रोपिनवर, म्हणजे त्या विषावरच्या उताऱ्यावर, दुसरा दिवस. नाइटच्या सिस्टरचा कागद मी स्वतः पाहिलाय. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज, पुढं काय करायचं. चारही रकाने भरलेले. नाडी बरी, बीपी बरं, छाती मोकळी, पेशंट झोपलेला, ॲट्रोपिन चालू ठेवणे. एक शब्द खोटा नव्हता. सकाळच्या सिस्टरनं टेबलावरच सही केली.

मी राउंडला गेले तर त्याची आई म्हणाली, "पानी पाजाया उठवलं तर मान धरंना बगा लेकरू."

मी त्याला म्हटलं, डोकं उचल. उशीवरून बोटभरही उचललं नाही. ॲट्रोपिननं छाती कोरडी होते, स्नायूंना जोर येत नाही. या विषात एक ते चार दिवसांत आधी मान जाते, मग श्वास. श्वासाची नळी टाकेपर्यंत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, घसरायला लागलं होतं. आईनं हे पहाटेच वॉर्डमामांना सांगितलं होतं. मामांना कोण ओव्हर विचारतंय!

मीटिंगमध्ये तोच कागद पुढं सरकवून मला विचारलं, "ट्रेनिंग झालं होतं ना?"

झालं होतं. पण ती पोरगी रात्री अख्ख्या वॉर्डाला एकटी होती, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? हे मी बोलले, आणि बोलताना कळत होतं की ही अर्धी पळवाट आहे. मान उचलून बघायला अर्धं मिनिट लागतं.

आता विषबाधेच्या तक्त्यात मानेची ओळ आहे. ओव्हर खाटेपाशीच द्यायची, नातेवाइकाला विचारून. आठवडाभर छान चालतं. मग नाइटवालीची एसटी निघायची वेळ होते, आणि गाडी परत टेबलावर. खरी अडचण तर घेणारीची आहे. नवीन पोरीनं "मान बघितली का?" विचारलं, की सीनियर फणकारते, "मला शिकवतेस?" पुढच्या ओव्हरला ती पोरगी गप्प. तिला विचारायला शिकवता येतं. सीनियरला ऐकून घ्यायला कुठल्या दुपारी शिकवू, तुम्हीच सांगा.