मशीन कुठे ठेवू?

गेल्या दिवाळीपासून या आषाढापर्यंत आम्ही एकोणीस घरं पाहिली. नवरा म्हणतो अठरा. दिवा गावातलं घर तो धरत नाही, कारण तिथे आम्ही आत गेलोच नाही. जिन्यातच एजंट म्हणाला, "ताई, ओसीचं सोडून काहीही विचारा." ओसी म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, इमारत राहायला योग्य आहे असा दाखला. तोच नसेल तर वर जाऊन काय पाहायचं? २०१३ च्या एप्रिलमध्ये शिळफाट्याला इमारत पडली, ७४ माणसं गेली, तेव्हा लेक पोटात होती. वरचे मजले चढत होते आणि खाली माणसं राहायला आली होती. तेव्हापासून बांबू न सुटलेल्या इमारतीत शिरताना माझे पाय आपोआप जड होतात.

मी ब्लाउज शिवते. ठाण्यात वर्तकनगरला भाड्याच्या खोलीत, गेली चौदा वर्षं. मशीनचं टेबल चार फूट लांब, वीस इंच रुंद. मागे खुर्चीला दोन फूट. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं, तर त्याला हात आडवे करता आले पाहिजेत. म्हणून कुठल्याही घरात शिरले की माझा पहिला प्रश्न एकच: मशीन कुठे ठेवू? एजंट लोकांना हा प्रश्न येडपट वाटतो. ते व्ह्यू दाखवतात, लिफ्ट दाखवतात, "स्टेशन चालत दहा मिनिटं" सांगतात. (कोण चालतं दहा मिनिटांत, मला एकदा त्या माणसाला भेटायचंय.) मी पर्समधून टेप काढते. साठ इंची, शिवणाची. ती भिंतीला लावली की समोरच्याचा चेहरा बदलतो.

भाचा सिव्हिलला आहे. त्यानं सांगितलं, राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरात राहायची एकच खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर हवी, म्हणजे १०२ चौरस फूट. रुंदी २.४ मीटरपेक्षा कमी नको. छत पावणेतीन मीटर, नऊ फुटांच्या वर. २.४ मीटर म्हणजे माझ्या भाषेत एक टेप आणि साडेचौतीस इंच. हा आकडा मी लक्षात ठेवला आणि तिथून पुढे कोणतंच घर मला सुखानं पाहता आलं नाही.

कोपरीचं घर वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, मागणी ४१ लाख. स्टेशन खरंच जवळ. खोली एक टेप आणि अठ्ठावीस इंच, म्हणजे साडेसहा इंच कमी. पण ते राहू दे. तिथला संडास मी आयुष्यात विसरणार नाही. पूर्वी मजल्यावर सामाईक संडास होते. मग प्रत्येकानं आपापला आत घेतला. आता आत घेतला तरी पाइपाला उतार लागतो, मुख्य लाइन पार दुसऱ्या टोकाला. उतार मिळावा म्हणून संडासची लादी उचलत उचलत पावणेदोन फूट वर नेलेली. तीन पायऱ्या चढून जायचं, देवळात गेल्यासारखं. वर छत आहे तिथेच. नवरा पाच फूट दहा इंच. तो आत जाऊन कमरेत वाकून उभा राहिला आणि तसाच वळून बाहेर आला. घरमालकीण बाई चांगल्या होत्या, म्हणाल्या, "सवय होते हो, आमच्या ह्यांना पण होती झाली." त्यांचे 'हे' फोटोत होते, हार घातलेला. पुढे काही विचारवलं नाही. ओटा गॅलरीत, फ्रिज हॉलमध्ये, टीव्ही फ्रिजवर. मशीन? "ती काय, रात्री बाहेर पॅसेजमध्ये सरकवायची." पॅसेजमध्ये आधीच तीन घरांचे शू-रॅक आणि एक सायकल होती.

खारेगावातल्या एका घराची बेडरूम त्रिकोणी निघाली. पूर्ण त्रिकोणी, मी वाढवून सांगत नाहीये. प्लॉटच्या कडेनं नाला जातो, हद्द तिरकी, बिल्डरनं हद्दीची एक वीतही सोडलेली नाही. एका टोकाला भिंती इतक्या जवळ येतात की तिथे झाडू उभा करून ठेवला होता आणि तोही जरा दाबूनच. एजंट म्हणाला, "इथे देवघर बसेल." आमच्या आईंनी (सासूबाईंनी) त्याला विचारलं, "आणि पूजा कोण करणार, उंदीर?" कपाट भिंतीला लावलं की मागे तिरकी फट राहते, पलंग लावला की पायाशी राहते. ब्लाउजला कळी तिरकी लावतात ती अंगाला बसावी म्हणून. इथे अंगच खोलीला बसवायचं.

घोडबंदर रोडवर तर आम्ही एक रविवार निव्वळ सॅम्पल फ्लॅट बघत हिंडलो. एसी, कॉफी, लेकीला चॉकलेट. सॅम्पल फ्लॅट कसा बघावा हे मी आता शिकवू शकते. आधी दारं शोधायची. चौकटी असतात, दारं नसतात, कारण दार उघडलं की ते पलंगाला लागतं आणि मग तुम्हाला कळतं. मग पलंग मोजायचा. तिथला साडेपाच फूट भरला. नवऱ्याला म्हटलं झोपून दाखव, तो लाजला. मग कपाट उघडायचं. आतली खोली पंधरा इंच! शर्टाचा हँगर सतरा-अठरा इंचांचा असतो, तो सरळ टांगलाच जाणार नाही. कपडे टांगायच्या कपाटाला बावीस-चोवीस इंच लागतात, हे कुठलाही सुतार झोपेत सांगेल. त्या कपाटात दोन कुर्ते तिरके लावून ठेवले होते, फॅशन असल्यासारखे. मी टेप काढली तशी सूट घातलेली मुलगी म्हणाली, "मॅम, हे फक्त रेफरन्ससाठी आहे." चेहरा इतका दमलेला होता तिचा. मी विचारलं, तू कुठे राहतेस? म्हणाली, दिवा.

कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, ३७६ चौरस फूट, किंमत ८२ लाख. घरी येऊन मी खोल्यांची बेरीज केली ती ३५२ आली. चोवीस फूट गेले कुठे? भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, मामी, बरोबर आहे. २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांना लगाम घालणाऱ्या कायद्यात, कार्पेटची व्याख्याच तशी आहे. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, डक्ट धरत नाहीत, पण घराच्या आतल्या भिंती धरतात. म्हणजे ज्या भिंतीनं माझी खोली लहान होते तीही मी फुटाच्या भावानं विकत घ्यायची. हिशेब केला, पाच लाखांच्या वर भिंती. तरी पूर्वीपेक्षा बरं म्हणायचं. पूर्वी सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी सगळं वाटून आपल्या डोक्यावर टाकायचे आणि सातशे फूट म्हणून घेतलेल्या घरात साडेचारशे निघायचे.

पण इमारत उभी राहिली तर ना. माझ्या दादानं २०१५ साली बुकिंग केलं, ताबा २०१८ ला म्हणाले. २०२१ मध्ये चावी मिळाली, ती 'फिटआउटसाठी'. म्हणजे राहायला नाही हां, फर्निचर करून घ्यायला. भोगवटा प्रमाणपत्र आलेलं नाही, ते आलं की ताबा. दादा एकीकडे हप्ता भरत होता, एकीकडे कळव्याला भाडं. किती दिवस फर्निचर करणार? गेला राहायला. सातवा मजला, एक लिफ्ट चालू तीही दिवसाच, दुसरीच्या खड्ड्याला प्लाय ठोकलेला. वीज बांधकामाच्या मीटरवर, पाणी टँकरचं. वहिनी वर्षभर मुलांना बजावत होती, प्लायला हात लावायचा नाही. बारशाला आम्ही गेलो, तर पाचव्या मजल्यावर कठडा नव्हता, नायलॉनची दोरी होती आणि दोरीला कुणीतरी टॉवेल वाळत घातलेले. आई दर मजल्यावर बसत बसत वर आल्या आणि आल्या आल्या पाळण्याआधी गॅलरीचं ग्रिल हलवून पाहिलं. रेरात तक्रार करता येते, उशिराच्या काळाचं व्याजही मागता येतं. दादा म्हणतो, सगळे मिळून जाऊ. बावन्न जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते अजून मिळतायत.

मग आम्ही खाडी ओलांडली. नवऱ्याची कंपनी रबाळे एमआयडीसीत, त्याला ऐरोली-घणसोली बरीच सोयीची. घणसोली गावठाणात वन आरके २१ लाखांत! नवऱ्याचे डोळे चमकले. बोळ एवढा की समोरच्या खिडकीतून फोडणीची जिरं-मोहरी आपल्या ताटात पडावी. पाच मजले, ट्यूबलाइट दुपारी बाराला चालू. ही 'गरजेपोटी' घरं. १९७० नंतर नवी मुंबईसाठी ९५ गावांची जमीन गेली. गावकऱ्यांची कुटुंबं वाढली, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळायचे ते साडेबारा टक्क्यांचे भूखंड यायला वर्षानुवर्षं लागली, तोवर ज्यानं त्यानं आपल्या जागेत बांधलं, मग वर बांधलं, मग ते वरचं विकलं. पहिल्या मजल्याची गरज मला समजते. पाचव्याची कुणाची, ते एजंटलाही सांगता येईना. कागद नोटरीचा, रजिस्ट्रेशन नाही, बँक कर्ज देत नाही. "सगळेच असे राहतात ताई." ते खरंच होतं, जिन्यात शाळेतून आलेली पोरं दप्तरं आपटत वर जात होती. त्या घराला मी सरळ नाही म्हणू शकले नाही. दोन रात्री विचार केला. शेवटी नवराच म्हणाला, उद्या नोटीस लागली तर आपली सगळी पुंजी भिंतीवर चिकटवलेली असेल.

घेतलं ते ऐरोलीचं. सिडकोच्या, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या, जुन्या वसाहतीतलं, पहिला मजला, ४६ लाख. जमीन सिडकोची, साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं, त्यातली बरीच वर्षं आधीच उलटलेली. आई म्हणाल्या, म्हणजे घर आपलं आणि खालची माती परक्याची. सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस वेगळे. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. कारण विचाराल तर बाईच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्क एक टक्क्यानं कमी लागतं, म्हणजे ४६ हजार वाचले. स्त्रीमुक्तीचा हिशेब आमच्याकडे असा सुटला. नवरा नातेवाइकांना सांगतो, मी भाडेकरू आहे.

खोली बरोबर एक टेप आणि चाळीस इंच, साडेपाच इंच जास्तच. पण मशीन तिथे नाही. आधीच्या मालकानं गॅलरीची भिंत पाडून ती हॉलमध्ये घेतली होती, बाहेर सरकत्या काचा. छत्तीस इंच रुंद, उजेड उत्तरेचा, दिवसभर एकसारखा, काळ्या कापडावर काळा धागा दिसेल असा. ती जागा पाहिली आणि मी टेप पर्समध्ये परत ठेवली. मालकानं तिचे पैसे पूर्ण घेतले. मग बँकेचा व्हॅल्युअर आला, त्यानं गॅलरी सोडून मापं घेतली. मी म्हटलं, अहो ही राहिली. तो म्हणाला, नकाशात ही उघडी आहे. कर्ज तेवढं कमी बसलं, वरचे पैसे मंगळसूत्र सोडून बाकीच्या सोन्यातून उभे केले.

तर ज्या जागेसाठी आम्ही घर घेतलं ती कागदावर अजून हवेत आहे. खाली बघितलं की कळतंही. गॅलरीची लादी हॉलपेक्षा दीड इंच खाली आणि बाहेरच्या बाजूला उतरती, पावसाचं पाणी निघून जावं म्हणून. टेबलाच्या दोन पायांखाली लाद्यांचे तुकडे सरकवलेत. बॉबिन हातातून निसटली की घरंगळत थेट कोपऱ्यातल्या पाण्याच्या भोकाकडे जाते. पहिल्या आठवड्यात दोन गेल्या, खालच्या काकूंनी आणून दिल्या. तेव्हापासून भोकात अस्तराच्या चिंध्या कोंबून ठेवल्यात. आई रोज म्हणतात, सिमेंट लावून बुजवून टाक एकदाचं. मी म्हणते राहू दे. गॅलरी आहे म्हणतात ना, मग भोक हवंच.